पोथीचे कुलूप, वहीचे कुलूप

यशवंत खुशाल देशपांडे यवतमाळला वकिली करत. पण महाराष्ट्राला ते ठाऊक झाले ते जुन्या पोथ्यांमुळे. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या रूपाने त्यांनी आडगावात संशोधनाचे ठाणे उभे केले आणि 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक लिहिले. ज्या साहित्याची बाहेरच्या मराठी वाचकाला कित्येक शतके गंधवार्ता नव्हती, त्याचा पट या पुस्तकाने मांडला. हे साहित्य हरवलेले नव्हते. मठामठांतून, रुमालात बांधलेले, पूजेत होते. पण रुमाल सोडून पोथी समोर ठेवली तरी परक्या माणसाला तिच्यातले अक्षर लागत नसे, कारण ती कूट लिपीत लिहिलेली होती.

या पोथ्यांची आठवण होण्याचे कारण आजचे आहे. यवतमाळचा दत्त चौक घ्या, वणीची बाजारपेठ घ्या, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा घ्या; जिनिंगच्या, अडतीच्या, कृषी केंद्राच्या गल्ल्यामागे लाल वहीची जागा संगणकाने घेतली आहे. उधारी कुणाकडे किती, कापूस कुणाचा कोणत्या भावाने घेतला, कोणत्या शेतकऱ्याचा खाते क्रमांक काय, सगळे त्याच्या पोटात. सॉफ्टवेअर विकणारा सांगतो की एन्क्रिप्शन आतूनच दिलेले आहे, काळजी करू नका. हे विकत घेतलेले, आतूनच बसवून आलेले कुलूप किती पक्के असते? मला याचे उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात सापडले, आणि तो इतिहास आमच्या वऱ्हाडातून सुरू होतो.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे उत्तरेकडच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. पंथाने ती पुन्हा उभी केली ती माणसांच्या पाठांतरातून. हिराइसा या विलक्षण स्मरणशक्तीच्या साधक बाईचा पाठ त्यात फार मोलाचा ठरला. आजच्या भाषेत सांगायचे तर मूळ प्रत नष्ट झाली आणि बॅकअप एका बाईच्या डोक्यात होता. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

चौदाव्या शतकाच्या मध्याला रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. मग एकामागून एक लिप्या निघाल्या: सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र, मनोहरा. वेगवेगळ्या शाखांनी आपापल्या लिप्या चालवल्या, तरी सर्वाधिक पसरली ती सकळ. धर्मग्रंथ अनधिकारी हातांत पडू नये, त्याची विटंबना होऊ नये, कुणी त्यात भर घालू नये, असे हेतू सांगितले जातात. हेतू कोणताही असो, युक्ती एकच होती. मूळ अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे, आणि ही अदलाबदल दीक्षा घेतलेल्यालाच शिकवायची.

अशी युक्ती भारताला नवी नव्हती. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प ही गूढ लेखनाची कला आहे, आणि यशोधराने आपल्या टीकेत अक्षरांच्या अदलाबदलीच्या पद्धती नोंदवल्या आहेत. या पद्धतीचा दुबळेपणाही जगाला तोपर्यंत कळलेला होता. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवले होते की प्रत्येक भाषेत काही अक्षरे फार वेळा येतात, काही क्वचित. कूट मजकुरातली चिन्हे मोजा, सर्वात जास्त येणारे चिन्ह कोणत्या अक्षराच्या जागी असेल ते ताडा, आणि धागा हाती आला की गुंता सुटत जातो. पोथ्यांच्या बाबतीत तर याहून सोपी वाट होती. लीळाचरित्रात ‘गोसावी’, ‘सर्वज्ञ’, ‘भट’ असे शब्द पानोपानी येतात. आत काय लिहिलेले असणार याचा असा एक जरी अंदाज खरा निघाला, की चार अक्षरे सुटतात. चार अक्षरांवरून आठ, आठांवरून पान.

1910च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि तिची किल्ली प्रसिद्ध केली. त्यानंतर जे झाले त्यात सगळे सार आहे. एकच पोथी उघडली असे नाही. त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्या एकदम उघडल्या. रिद्धपूरची, पैठणची, वऱ्हाडातल्या कोपऱ्यातल्या मठाची, कारण सगळ्यांना एकच किल्ली होती. वि. ल. भावे, यवतमाळचे देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने अशा अभ्यासकांच्या हाती खजिना आला आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. वाङ्मयाच्या दृष्टीने ती मोठी भाग्याची घटना. कुलपाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र ते पूर्ण पतन होते.

राजवाड्यांच्या आधी सत्तावीस वर्षे, 1883 मध्ये, फ्रान्समध्ये शिकवणाऱ्या ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी गूढलेखनावर निबंध लिहिला होता. कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, आणि ती हवी तेव्हा बदलता आली पाहिजे, हे त्याचे सूत्र. सकळ लिपीत रचना हीच किल्ली होती. ती फुटली की बदलायला काही उरत नव्हते. पंथाची बाजू घेऊन एक मात्र म्हटलेच पाहिजे: साडेपाचशे वर्षे टिकलेले कूट तुच्छ नव्हे. लिपी गूढ राहिल्यामुळे नकलाकारांची ढवळाढवळ कमी झाली आणि यादवकाळची मराठी बरीचशी जशीच्या तशी आपल्यापर्यंत आली, असे अभ्यासक सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. त्या कुलपावर तोवर जाणत्या माणसाने बाहेरून नेटाने घाव घातलेला नव्हता, इतकेच.

धंद्याची गुपिते याच भूमीवर वेगळ्या रीतीने सांभाळली जात. व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, असे आकडे बोलत दोन दलाल गिऱ्हाइकाच्या तोंडावर भाव ठरवून मोकळे होत. बाजारात रुमालाखाली हातात हात घालून बोटे दाबायची आणि सौदा करायचा, ही रीतही होती. शेतकरी शेजारी उभा असे. त्याच्याच कापसाचा भाव त्याला दिसत नसे. वऱ्हाडात 1897 साली कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला, पुढे बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलाव आणला, तेव्हा कुठे हा रुमाल हळूहळू दूर झाला. गुप्तता कुणाच्या बाजूची आहे, हे प्रत्येक वेळी विचारायला हवे, ते यासाठी.

वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलला जाऊ लागला तेव्हा तारायंत्राच्या खर्चाने कोडबुके आली. 1873 चे एबीसी कोडबुक व्यापारी जगात प्रसिद्ध होते. एका शब्दात अख्खे वाक्य बसे, तारेचे पैसे वाचत, आणि तारमास्तरला मजकूर कळत नसे. पण तेच पुस्तक पैसे टाकून कुणालाही विकत मिळे. यात आडोसा होता, कुलूप नव्हते. धंद्याच्या सॉफ्टवेअरची पहिली पंधरा वर्षे याच आडोशाला कुलूप म्हणण्यात गेली.

1980च्या दशकात वर्डपरफेक्ट हे लेखनाचे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ऑफिसाऑफिसांत होते. फाइलला पासवर्ड लावायची सोय त्यात होती. 1987 मध्ये जॉन बेनेट या अभ्यासकाने ‘क्रिप्टोलॉजिया’ या नियतकालिकात त्याची चिरफाड करून दाखवली. फाइलमध्ये काय असणार याचा थोडा अंदाज असला की पासवर्ड बाहेर काढता येत होता. फाइली दाबून लहान करणारे पीकेझिप तर जगभर वापरात होते. त्याच्या आतल्या कुलपावर एली बिहाम आणि पॉल कोखर यांनी 1994 मध्ये हल्ला प्रसिद्ध केला. त्यांना लागत होता मूळ मजकुराचा छोटासा माहीत असलेला तुकडा. ‘गोसावी’ आणि ‘सर्वज्ञ’ हे शब्द ठाऊक असण्यासारखेच ते.

मायक्रोसॉफ्टच्या वर्ड आणि एक्सेलच्या 1995 पर्यंतच्या आवृत्त्यांची पद्धत आणखी साधी होती. पासवर्डवरून सोळा बाइटांची एक माळ तयार व्हायची आणि तीच माळ मजकुरावर पुन:पुन्हा फिरवायची. मजकुरात जिथे शून्ये असतील, रिकाम्या जागा असतील, तिथे माळ उघडी पडत असे. एका कंपनीने घरातल्या घरात बनवलेले, बाहेरच्या कुणालाही न दाखवलेले हे कूट होते. रवळोबासांकडे चौदाव्या शतकात दुसरा पर्याय नव्हता. 1990च्या दशकातल्या कंपन्यांकडे होता, म्हणून त्यांचा दोष मोठा.

पण सगळा दोष कंपन्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. अमेरिकी सरकार त्या काळी बळकट एन्क्रिप्शनला युद्धसामग्री मानत असे. तोफगोळ्यांच्या यादीत ते बसवलेले होते. पीजीपी हे सॉफ्टवेअर 1991 मध्ये लोकांना फुकट देणाऱ्या फिल झिमरमन यांच्यामागे त्यासाठी चौकशी लागली, ती 1996 पर्यंत चालली. परदेशात सॉफ्टवेअर विकायचे तर किल्ली साधारण 40 बिटांचीच ठेवा, असा नियम. 40 बिट म्हणजे शक्य किल्ल्या सुमारे 1 लाख 10 हजार कोटी. आकडा ऐकायला प्रचंड; संगणकाला नाही. 1995 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामियाँ दोलिजे या संशोधकाने नेटस्केप ब्राउझरचे असे 40 बिटांचे कुलूप सुमारे 120 संगणक आणि दोन मोठी यंत्रे लावून आठ दिवसांत उघडले. पासवर्ड ओळखण्याची त्याला गरजच पडली नाही. प्रत्येक किल्ली फिरवून पाहिली.

भारताला विकत मिळणारे सॉफ्टवेअर हे असे होते. आणि आपण स्वतः काय केले? 1998 नंतर खासगी कंपन्यांना इंटरनेटचे परवाने दिले, त्यांत 40 बिटांपर्यंतचे एन्क्रिप्शन विनापरवानगी चालेल, त्याहून मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्या आणि किल्ली जमा करा, अशी अट होती. तिकडे रिझर्व्ह बँकेने जून 2001 मध्ये इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि बँकांना 128 बिटांचे एन्क्रिप्शन सुचवले. एका खात्याने कमी चालेल म्हणायचे, दुसऱ्याने जास्तच हवे म्हणायचे, अशा दोन अटींत ग्राहकाची माहिती अडकली होती. 2015 मध्येही तोच खाक्या दिसला. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. कूट केलेल्या मजकुराची साधी, उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवा, असे त्यात व्यवसायांना सांगितले होते. कुलूप लावा, पण तेच सामान ओसरीवरही मांडून ठेवा, असा त्याचा अर्थ. ओरड झाली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. माझ्या मते ते योग्यच झाले.

अमेरिकेने जानेवारी 2000 मध्ये निर्बंध सैल केले. आता कुलपे मोठी व्हायला हवी होती. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 97 पासून 40 बिटांची आरसी4 पद्धत वापरात होती; पुढच्या आवृत्त्यांत मोठी किल्ली निवडण्याची सोय आली, पण ती मेनूच्या आत खोल दडलेली. पासवर्ड टाकून ओके दाबणाऱ्याला ऑफिस 2003 पर्यंत जुने 40 बिटांचेच कुलूप मिळत राहिले. यवतमाळच्या सीएच्या ऑफिसात बसलेला ऑपरेटर ती निवड कधी उघडणार होता? सॉफ्टवेअर न विचारता जे देते, तेच बहुतेकांच्या नशिबी येते.

मोठी किल्ली निवडलेल्यांचीही सुटका नव्हती. 2005 मध्ये होंगजुन वू या संशोधकाने वर्ड आणि एक्सेलमधली आणखी एक चूक दाखवली. आरसी4 ही पद्धत पासवर्डवरून आकड्यांची एक लांब ओळ तयार करते आणि ती मजकुरावर पांघरते. नियम असा, की एक पांघरूण एकदाच वापरायचे. पण फाइल बदलून पुन्हा सेव्ह केली की सॉफ्टवेअर तेच पांघरूण पुन्हा घालत होते. कालचा ताळेबंद आणि आजचा ताळेबंद अशा दोन प्रती हाती आल्या, एकातून दुसरी वजा केली, की पांघरूण उडून जाते आणि उरतो तो मजकुरातला फरक. कूटपद्धत बदनाम झाली, पण चूक ती वापरणाऱ्या कारागिराची होती.

बदल झाला तो उघड्यावर केलेल्या कामामुळे. जुने प्रमाण असलेले 56 बिटांचे डीईएस 1998 च्या जुलैत एका खास बनवलेल्या यंत्राने 56 तासांत फोडले गेले. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने त्याआधीच, 1997 मध्ये, जगभरच्या गणितज्ञांना आवाहन केले होते: आपले कूट मांडा, एकमेकांचे फोडून दाखवा. तीन वर्षे जाहीर आखाडा चालला. बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोघांचे राइंडाल त्यात टिकले आणि 2001 मध्ये ते एईएस नावाने प्रमाण झाले. त्याची प्रत्येक पायरी छापील आहे, कुणीही वाचावी. तिथे लपवलेले काही नाही, फक्त किल्ली. केर्कहॉफ्सचे म्हणणे प्रत्यक्षात यायला 118 वर्षे लागली.

ऑफिस 2007 मध्ये एईएस आले, तेही न मागता. सोबत एक साधी पण हुशार गोष्ट आली. पासवर्डवरून किल्ली घडवताना तोच हिशोब 50,000 वेळा फिरवायचा. 2010 च्या आवृत्तीत 1,00,000 वेळा. मालकाला क्षणभर थांबावे लागते, पण लाखो पासवर्ड पाठोपाठ घालून पाहणाऱ्या चोराला प्रत्येकासाठी तेवढेच थांबावे लागते. कुलूप उघडायला लागणारा वेळ हाच त्याचा मजबूतपणा. आता, म्हणजे गेल्या पंधरा-अठरा वर्षांत, नामांकित सॉफ्टवेअरमधले आतले कुलूप बऱ्यापैकी पक्के झाले आहे. हे मी मनापासून म्हणतो.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये कुलपासारखी दिसणारी दुसरी वस्तू असते, आणि तिथे लोक फसतात. एक्सेलमध्ये शीट प्रोटेक्ट करून पासवर्ड घातला की अनेकांना वाटते फाइल बंद झाली. ती बंद झालेली नसते. आकडे चुकून खोडले जाऊ नयेत म्हणून घातलेला तो आडणा आहे; आतली माहिती उघडीच असते आणि आडणा काढायला गणित लागत नाही. फाइल उघडण्यालाच पासवर्ड लावला तरच एन्क्रिप्शन होते. पगारपत्रके पहिल्या प्रकारे ‘बंद’ करून ईमेलने पाठवणारी ऑफिसे मी पाहिली आहेत.

आपल्याकडच्या धंद्याची भाषा म्हणजे टॅली. 1986 साली बंगळूरला श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी प्यूट्रॉनिक्स या नावाने सुरू केलेल्या कंपनीचे हे अपत्य. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा तालुक्यातालुक्याला टॅली शिकवणारे वर्ग भरून गेले. टॅलीतही दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड हे कोण काय पाहील, काय बदलेल ते ठरवतात. टॅलीव्हॉल्ट ही वेगळी सोय. ती लावली की कंपनीची माहितीच कूट होते आणि यादीत कंपनीचे नावदेखील चांदण्यांच्या खुणांमागे जाते. पहिला पासवर्ड म्हणजे दुकानातल्या नोकरांची वाटणी, दुसरा म्हणजे तिजोरी. अनेक ठिकाणी फक्त पहिला असतो आणि दुसरा आहे असे समजून चालतात.

तिजोरीला मागचे दार नाही. व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो बनवणारी कंपनीही परत देऊ शकत नाही, हे ती स्वतः सांगते. ऐकून राग येतो, पण खऱ्या कुलपाची ही खूणच आहे. ज्या कुलपाची दुसरी किल्ली कारखान्यात टांगलेली असते, ते कारखान्यातल्या चोरालाही उघडते. मात्र मग किल्ली सांभाळण्याचा भार पूर्ण आपल्यावर येतो. मुनीमजी अकस्मात गेले आणि पासवर्ड त्यांच्याच मनात होता, तर वर्षाचे हिशोब बिलांवरून पुन्हा लिहावे लागतात. हिराइसा होती म्हणून लीळाचरित्र परत मिळाले. धंद्यातल्या किती घरांत अशी हिराइसा आहे?

किल्लीचा दुसरा धोका तर आपल्या खिशात आहे. ई-आधारची पीडीएफ उतरवून घेतली की तिला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. आयकराच्या कागदांना पॅन आणि जन्मतारीख. कूट कितीही बळकट असो, माझे नाव ज्याला ठाऊक आहे त्याला शंभरेक वर्षे घालून पाहायची आहेत, बस्स. कोट्यवधी लोकांना पासवर्ड लक्षात राहावा म्हणून केलेली ही सोय आहे, तिचे कारण मला समजते. पण हीच सवय दुकानात उतरते. दुकानाचे नाव आणि चालू वर्ष, मुलीचे नाव आणि 123. असा पासवर्ड एईएसला लावला की भिंत दगडाची आणि दाराला सुतळी, अशी गत होते. कीबोर्डखाली चिकटवलेल्या चिठ्ठीचे तर बोलायलाच नको.

आणि ज्याला लुटायचे आहे तो आता कुलपाशी झटतच नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. कार्डांचे कूट कुणी सोडवले नव्हते. व्यवहाराला हो किंवा नाही म्हणणाऱ्या बँकेच्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली नकली यंत्रणा उभी केली आणि ती सगळ्यांना हो म्हणत गेली. आधीच्या वर्षी, 27 जून 2017 ला, युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातकी प्रोग्रॅम सुटला. मेर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाचे न्हावाशेवा बंदरातले टर्मिनलही थंडावले. त्याने फाइली कूट केल्या, पण त्या परत उघडण्याची किल्ली कुणाजवळही ठेवलेली नव्हती. ज्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर विश्वास टाकला, त्याच्याच अंगाने कुलूप आले आणि मालकाला बाहेर ठेवून बसले.

सहकारी बँकांना तर 2024 च्या जुलैअखेर याचा चटका बसला. लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, आणि तो पसरू नये म्हणून सुमारे 300 लहान बँकांचे पैशांचे व्यवहार देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. यूपीआय अडकले, एटीएम अडकले. आपल्या जिल्ह्याने हे गंभीरपणे घ्यावे, कारण गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या आता संगणकावर येत आहेत. केंद्राने 2022 च्या जूनमध्ये देशातल्या 63,000 सोसायट्यांसाठी 2,516 कोटींची योजना मंजूर केली. कापूसवाल्या, कर्जाने गांजलेल्या यवतमाळमध्ये पीककर्जाची यादी ही केवळ आकड्यांची यादी नसते. कुणाचे थकले, कुणाची जमीन तारण आहे, कुणाच्या घरात मृत्यू झाला, हे त्यात असते. ती माहिती सावकाराच्या किंवा ठगाच्या हाती लागली तर घरे उद्ध्वस्त होतील.

म्हणून माझा निकाल असा. नामांकित कंपनीच्या आजच्या सॉफ्टवेअरमधले एन्क्रिप्शन, ते खरोखर चालू केले असेल, पासवर्ड लांब आणि अंदाज न येणारा असेल, तर एखाद्या दुकानाला, जिनिंगला, सोसायटीला पुरेसे आहे. त्यापुढे विकणाऱ्याला विचारा, हे कूट जाहीर प्रमाणाचे आहे की तुमचे घरगुती? ‘आमची खास गुप्त पद्धत आहे’ असे उत्तर आले तर तिथूनच उठून या. सकळ लिपीचे काय झाले ते तुम्हाला आता ठाऊक आहे. किल्ली कुणाकडे राहते तेही विचारा. माहिती त्यांच्या सर्व्हरवर असेल आणि किल्लीही त्यांच्याचकडे असेल, तर कुलूप तुमचे नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाली तर 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि जाब विचारला जाईल तुम्हाला.

यंदा लक्ष्मीपूजनाला संगणकावर कुंकू वाहाल, तेव्हा त्याआधी एक काम करा. व्हॉल्टचा पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि ते कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगा. मग पेनड्राइव्हवरचा बॅकअप दुसऱ्या संगणकाला लावा आणि तो उघडतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.